आज्जीची वही : घरातल्या बाईचं आयुष्य नीट लिहून कसं ठेवावं

आज्जी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका कागद-पेन घेऊन बसले. वर्तमानपत्रातला मजकूर आणि कोपऱ्यावर लावायचा फलक, दोन्ही दुपारच्या आत द्यायचं होतं. प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी, कुटुंबाचा आधारवड. पाच मिनिटांत लिहून झालं. रक्षाविसर्जनाला आज्जीची धाकटी बहीण कागल तालुक्यातल्या त्यांच्या माहेरगावाहून आली. पंचगंगा घाटावरून परतताना ती फलकासमोर थांबली, सगळा वाचला आणि म्हणाली, "ह्यात माजी अक्का कुठं हाय? हे तर कुणाच्याबी म्हातारीचं हाय."

आम्ही अकरा नातवंडं. आज्जीचं माहेरचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून दीड वर्ष मी तिची वही करत होते. आता ती छापून झाली आहे, १४४ पानांची. हे काम करताना काय जमलं, काय चुकलं, कुठली गोष्ट आधी करायला हवी होती, ते क्रमानं सांगते. तुमची आज्जी हयात असेल तर तुम्ही भाग्यवान आहात, पण तिच्यामागंही हे सगळं करता येतं.

पहिलं पान तिच्या नावांचं

सुरुवात जन्मतारखेनं करू नका, नावांनी करा. आपल्याकडं एका बाईला चार-पाच नावं असतात. पाळण्यातलं नाव, माहेरी मारायची हाक, लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नाव, सासरच्यांनी पाडलेलं नाव आणि शेवटी रेशनकार्डावरचं नाव. एका पानावर प्रत्येक नाव लिहा आणि त्यासमोर त्या नावानं तिला कोण हाक मारायचं ते लिहा. आज्जीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस कधी गेलं, हे त्या पानावरून मला कळलं. तिची आई गेली १९८१ मध्ये. त्यानंतर चाळीस वर्षं ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, बहीणसुद्धा अक्काच म्हणायची. मी ते इथं लिहीत नाही. वहीच्या पहिल्या पानावर मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच आहे.

पुरावा शोधायला माहेरच्या गावच्या प्राथमिक शाळेत जा. "आमच्या आज्जीनं शाळा पाहिलीच नाही" असं घरात म्हणत असतील तरी एकदा जा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्यामुळं आपल्या भागात शाळा लवकर खेड्यात पोचल्या आणि पुष्कळ शाळांनी जुनी जनरल रजिस्टरं जपली आहेत. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, नातं दाखवणारा एखादा कागद जोडा आणि नोंदीचा उतारा मागा. आज्जी चौथीपर्यंत शिकली होती. आम्ही तिला जन्मभर अंगठेबहाद्दर समजत होतो, कारण बँकेत ती अंगठा द्यायची. मोतीबिंदूमुळं सही ओळीत येत नव्हती म्हणून द्यायची, हे नंतर आईनं सांगितलं.

उताऱ्यावर जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी समजू नका. शाळेत घालताना मास्तर मुलाचं वय बघून १ जून लावायचे, त्या पिढीतली निम्मी माणसं जूनमध्येच जन्मली आहेत. खरी खूण घरच्या बोलण्यात सापडते. आज्जीची आई म्हणायची, "जिवतीच्या शुक्रवारी झाली." म्हणजे श्रावणातला शुक्रवार. वहीत आम्ही दोन्ही लिहिलं, कागदावरची तारीख आणि श्रावण.

माहेरची वंशावळ हवी असेल तर हेळव्यांना विचारा. बैल घेऊन फिरणारे हेळवी अजूनही आपल्या आणि कर्नाटकाच्या सीमाभागात घराण्यांच्या पिढ्या सांगत येतात. गावच्या पाटलांना किंवा भावकीतल्या वयस्क माणसाला ते कधी येतात हे माहीत असतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घरातलं कुणी तिथं गेलं असेल तर नोंद सापडते, आणि त्यात बायकांची नावंही येतात. गाव आणि आडनाव सांगून तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते आधी विचारून घ्या.

साल बसवायचं ते मोठ्या घटनांच्या आधारानं

"तुझं लग्न कुठल्या साली झालं?" या प्रश्नाला म्हातारी माणसं गप्प बसतात. "संस्थान विलीन झालं तेव्हा तू केवढी होतीस?" असं विचारलं की लगेच बोलतात. एक लांब कागद घ्या, जुन्या कॅलेंडरची पानं पाठीकडून चिकटवली तरी चालतात. त्यावर आधी कोल्हापूरकरांना न विसरता येणारी सालं लिहा. गांधीहत्या आणि त्यानंतरची जाळपोळ, १९४८. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १ मार्च १९४९. महाराष्ट्र राज्य, १ मे १९६०. शिवाजी विद्यापीठ, १९६२. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. १९७२ चा दुष्काळ. मग २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. आता घरातली प्रत्येक गोष्ट या खुणांच्या अलीकडं की पलीकडं, एवढंच विचारत जा.

आमच्या बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६६ आहे. पण आज्जीची जाऊ म्हणाली, "भूकंपाच्या रात्री ह्यो महिन्याचा होता. आत्तीनं त्याला पदरात गुंडाळून गल्लीत आणला, बाळंतिणीच्या डोक्याला बांधलेलं फडकंसुद्धा तसंच होतं." म्हणजे बाबांचा जन्म नोव्हेंबर १९६७ चा. पन्नाशी उलटल्यावर बाबांना स्वतःचा खरा महिना कळला, तो आज्जीच्या आठवणी गोळा करताना.

जुन्या लग्नपत्रिकेवर शके असतं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन संपेपर्यंत ७९. आज्जीच्या पत्रिकेवर शके १८७७, फाल्गुन आहे, म्हणजे इसवी सन १९५६. घाईत ७८ मिळवलं की वर्ष चुकतं, आमचं चुकलंच होतं.

बोलतं कसं करायचं

हयात असलेल्या आज्जीपुढं मोबाईल धरून "तुझ्या आयुष्याबद्दल सांग" म्हणाल तर ती "माजं काय लिवायचं, बाळा" एवढंच म्हणेल. तिच्या हातात वस्तू द्या. पितळी डबा, जुना अडकित्ता, लग्नातलं लुगडं, कुणाचाही फोटो. हात चालू लागला की तोंड चालू लागतं. जेवणानंतरची दुपार चांगली, चाळीस मिनिटं पुरे. पंखा बंद करा, कुकरची शिट्टी होणार नाही हे बघा आणि फोन विमान मोडवर टाका. आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐकून बघा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि कोण बोलतंय हे तुमच्या आवाजात सांगा.

माझ्या कामाला आलेले काही प्रश्न देते. तुझी पहिली कमाई किती आणि ती कुठं खर्च केलीस? नवऱ्याला न सांगता घेतलेली पहिली वस्तू कुठली? सासरी पहिल्या दिवशी काय शिजवलंस आणि कोण काय म्हणालं? कुणाशी अबोला होता आणि तो कसा सुटला? तुला कुणी काय शिकवलं, आणि तू कुणाला काय शिकवलंस? यातल्या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त बोललं जातं.

आज्जी नसेल तर तिच्याबद्दल बोलणाऱ्यांची यादी करा आणि ती वयानं लावा, सगळ्यात वयस्क आधी. मी सोयीनं गेले, शहरातल्यांकडं आधी. गडहिंग्लजच्या एका मावशीकडं जायचं दिवाळीनंतर ठरवलं होतं, ती दसऱ्याला गेली. तिच्याबरोबर लग्नाआधीची आज्जी गेली, आणि ती आता कुठूनही मिळणार नाही. नातलगांच्या बाहेरही विचारा. बहिणीला एक आज्जी माहीत असते, जावेला दुसरी, लक्ष्मीपुरीत बसणाऱ्या भाजीवालीला तिसरीच. त्या भाजीवालीनं मला सांगितलं की १९७२ च्या दुष्काळात आज्जी कोथिंबिरीच्या पेंडीचे पैसे द्यायची आणि पेंडी टोपलीतच ठेवून जायची.

उतरवून घेताना भाषा सुधारू नका. याबाबत मी आग्रही आहे. आपल्याकडच्या बायका "मी आलो, मी जातो" म्हणतात, ते "आले, जाते" करू नका. पहिल्या मसुद्यात मी तसं केलं होतं. बहीणआज्जीला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "हे मास्तरणीचं बोलणं हाय, अक्काचं न्हवं." सगळी पानं पुन्हा लिहिली.

आणि आज, हा लेख वाचून झाल्यावर, एक काम लगेच करा. तिचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप सगळ्यांच्या फोनमधून गोळा करून संगणकावर उतरवा. आज्जीचा फोन आम्ही महिन्याभरात पुसून चुलतभावाला दिला. आज तिचा आवाज आमच्याकडं दोन मिनिटं चाळीस सेकंद आहे, त्यातही निम्मा वेळ ती "ऐकू येतंय न्हवं?" विचारते. ते दोन मिनिटं चाळीस सेकंद आम्ही सगळे वारंवार ऐकतो.

तिच्या हाताचं काम

वहीचा हा सगळ्यात मोठा भाग व्हायला हवा. आज्जीच्या कामाला आपण माया म्हणतो आणि तिथंच थांबतो. त्यातलं कसब, मोजमाप, रंगाची निवड याबद्दल आपण सुताराला किंवा चांभाराला विचारतो तेवढंही तिला विचारत नाही.

आमची आज्जी वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायची. घरच्या तर शिवल्याच, पण पुढं शुक्रवार पेठेतल्या घरांसाठीही शिवल्या. पहिल्या वाकळेचे बारा रुपये मिळाले, ही नोंद तिच्याच अक्षरात एका कालनिर्णयपूर्व जुन्या पंचांगाच्या मागं सापडली. त्या पैशातून थोरल्या आत्याची शिवणक्लासची फी भरली. वाकळेची नोंद करायची पद्धत सांगते.

दिवसाच्या उजेडात वाकळ दोरीवर टाका आणि दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो काढा. मग एका मोठ्या कागदावर तिचा नकाशा काढा, प्रत्येक ठिगळाला आकडा द्या. आता घरातल्या बायकांना एकत्र बसवून आकडा आकडा विचारत जा: हे कुणाचं लुगडं, ते कुणाचं धोतर, ह्या फुलाफुलांच्या कापडाचा फ्रॉक कुणाचा होता. आमच्या एका वाकळेत २३ ठिगळं आहेत, त्यातल्या १९ चा मालक सापडला. आठ नंबरचं निळं ठिगळ पणजीच्या इरकल लुगड्याचं निघालं, त्या लुगड्याचा दुसरा धागाही घरात नाही. चार बोटांच्या अंतरात धावदोऱ्याचे टाके किती, ते मोजा. तिच्या तरुणपणीच्या वाकळेत चार बोटांत चौदा टाके आहेत, शेवटच्या वाकळेत सहा आणि ओळ वाकडी. ते दोन्ही फोटो आम्ही समोरासमोरच्या पानांवर छापले, खाली फक्त सालं लिहिली.

प्रत्येक वाकळेच्या कोपऱ्यात सुती पट्टीवर तिचं नाव आणि साल लिहून ती हातानं टाचा. गोंद आणि इस्त्रीनं चिकटणारी पट्टी नको. नऊवारी लुगडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, वर्षातून दोनदा उघडून घड्या बदला. एकाच घडीवर राहिली की जर आणि रेशीम तिथंच चिरतं. डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका, कडुनिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून कडेला ठेवलेली बरी.

आता चटणी. बाहेरच्या माणसासाठी सांगते, आपल्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसणीचं तिखट. आज्जीची चटणी लिहून घ्यायला बसलं की सगळ्या बायका "अंदाजानं" म्हणतात. अंदाज मोजता येतो. तिच्या हाताखाली शिकलेली सून किंवा लेक धरा आणि चैत्र-वैशाखात ती चटणी करेल तेव्हा वजनकाटा घेऊन शेजारी बसा. धण्याचा डबा आधी तोला, तिनं मूठ घेतली की पुन्हा तोला, फरक लिहा. असं प्रत्येक जिन्नसाचं. आईची धण्याची मूठ ४० ग्रॅमची भरली. पण आज्जीचा हात आईच्या हातापेक्षा लहान होता. तिच्या बांगडीच्या मापावरून आणि आईला आठवत होतं त्यावरून आम्ही ३० ते ३५ धरलं. मिरचीचं प्रमाण मात्र पक्कं मिळालं: दोन किलोत सव्वा किलो ब्याडगी रंगासाठी आणि पाऊण किलो संकेश्वरी तिखटासाठी. खोबरं, तीळ, खडा मसाला कुठल्या क्रमानं भाजायचं, कांदा किती तांबूस झाल्यावर काढायचा, डंकावर कांडताना लसूण कधी घालायचा, हे फोटोंसकट लिहा. कांदा उतरवायच्या क्षणाचा फोटो शंभर शब्दांपेक्षा उपयोगी पडतो.

जुन्या चिठ्ठ्यांत मापं चिपट्या-मापट्यांत असतात. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ही धान्याची भरून मोजायची मापं आहेत, त्यामुळं ग्रॅममध्ये आणताना प्रत्येक धान्य वेगळं तोलावं लागेल. घरात मापटं शिल्लक असेल तर तेच भरून काट्यावर ठेवा.

ओव्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्या आधी हरवतात. जातं गेलं तशी ओवी घरातून गेली, पण साठी-सत्तरीपुढच्या बायकांच्या ओठावर अजून आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारणीच्या नावासकट. आपल्या घरच्या ओव्यांनाही तोच नियम लावा: कुणाकडून ऐकली, कुठल्या गावची, काय करताना म्हणायची. नुसते शब्द लिहू नका, चाल रेकॉर्ड करा. म्हणणारीला जातं नसलं तरी हातात काहीतरी फिरवायला द्या, मोकळ्या हातानं ओवी आठवत नाही.

मग प्रश्न येतो की यातल्या कुठल्या परंपरेनं आलेल्या आणि कुठल्या तिनं रचलेल्या. माहेरगावच्या आणि सासरच्या दोन-दोन बायकांना ऐकवा. कुणालाच माहीत नसलेली, आणि घरातली नावं किंवा प्रसंग असलेली ओवी बहुधा तिची. आज्जीची म्हणून आम्ही सात ओव्या ठरवल्या. त्यातली एक, थोरली आत्या चिखलीला नांदत होती तेव्हाची:

नदीला आला पूर, पानी पायरी चढतं
लेक माजी पल्याडला, मन काठाला अडतं

आधी मी "पाणी", "माझी" असं शुद्ध केलं होतं, तेही परत फिरवलं.

तिचा देव

"देवभोळी" हा शब्द वहीत येऊ देऊ नका. त्याऐवजी तिचं वर्ष लिहा. चैत्र ते फाल्गुन, एका महिन्याला एक पान, त्या महिन्यात ती कुठं जायची, काय करायची, काय खायची नाही, कुणाला जेवायला घालायची.

आमच्या वहीतली काही पानं सांगते म्हणजे अंदाज येईल. चैत्रात पौर्णिमेला जोतिबा. वाडी रत्नागिरीला सासनकाठ्या नाचताना ती लांब उभी राहायची, पण गुलाल मुद्दाम लुगड्यावर घेऊन यायची आणि ते लुगडं आठ दिवस धुवायची नाही. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की कळशी भरून टेंबलाई देवीला. त्याच महिन्यात एकादशीला नंदवाळ. पंढरपूरची पायी वारी तिच्या नशिबात नव्हती, घरात सतत कुणीतरी लहान किंवा आजारी. म्हणून कोल्हापुरातून निघणाऱ्या दिंडीबरोबर ती नंदवाळला चालत जायची, पुईखडीचं रिंगण बघायची आणि संध्याकाळी परत स्वयंपाकाला हजर. हे तिनं २७ वर्षं केलं. आश्विनात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, त्या दिवशी ती पालखीच्या वाटेवर पाणी घेऊन उभी. नोव्हेंबरात किरणोत्सव, ९ ते ११ तारखेला. देवळाचं तोंड पश्चिमेला, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणापासून वर चढत जातात. तिला आत गर्दीत जागा मिळायची नाही, ती बाहेर सूर्याकडं तोंड करून थांबायची. बहिणीनं कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "तिच्याकडं कोण निघालंय ते तरी बघतो."

श्रद्धा कधी हलली होती का, हेही विचारा. हे विचारायला मला धीर झाला नाही, बहीणआज्जीनंच सांगितलं. आज्जीची दुसरी मुलगी अकरा महिन्यांची होऊन गेली. त्यानंतर वर्षभर आज्जी देवळाची पायरी चढली नाही. महाद्वार रोडवरून जाताना मान वळवून चालायची. मग एका शुक्रवारी ओटी घेऊन गेली. का गेली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही वहीत तर्क केलेला नाही. पण ते वर्ष लिहिलं आहे. ते नसतं तर नंदवाळची २७ वर्षं वाचणाऱ्याला सोपी वाटली असती.

फोटो, कागद आणि पूर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात खिडकीच्या उंबरठ्यापर्यंत पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. फोटोंची पेटी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांसाठी हा भाग आहे.

भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवा, हळूहळू सुटतील. सुटले की चिखल नुसत्या पाण्यानं जाऊ द्या, चित्राच्या बाजूला बोट लावू नका. मग सावलीत, चित्र वर करून, टीपकागदावर किंवा सुती फडक्यावर पसरा. उन्हात घातले की गोळा होतात, आम्ही घातले होते. एका दिवसात सगळे जमणार नसतील तर मेणकागद मधे घालून पिशवीत बंद करा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, सवडीनं काढता येतात. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, काचेसकटच स्कॅन करा.

फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा: कोण, कुठं, अंदाजे साल. बॉलपेननं पुढच्या बाजूला वळ उठतो. लॅमिनेशन करू नका, पुन्हा काढता येत नाही. स्कॅन ६०० डीपीआयला करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, फोटोच्या बरोबर वरून मोबाईलनं काढा. फाईलला नाव देताना साल आधी: "१९५६ लग्न कागल ०१" असं, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात.

सगळ्याच्या तीन प्रती. एक संगणकात, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि एक कोल्हापूरच्या बाहेर. आमची तिसरी प्रत पुण्याच्या आत्याकडं आहे.

दागिने आणि भांडणं

तिचा साज, ठुशी, पाटल्या वाटणीआधीच फोटोत घ्या, कुठल्या साली गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कुणी केल्या ते लिहा. वाटणीनंतर हा विषय काढणं अवघड होतं.

घरातल्या कटू गोष्टी येतील. माझा नियम असा होता की ज्याच्याबद्दल ती गोष्ट आहे ते माणूस किंवा त्याची मुलं हयात असतील तर त्यांना ते पान आधी वाचायला द्यायचं. तीन पानं गाळली. ती हातानं लिहून पाकिटात बंद केली आहेत, पाकिटावर कधी उघडायचं ते साल आहे. आधार क्रमांक, बँकेचे कागद, सातबारा यांची छायाचित्रं छापू नका.

लिहायचं आणि छापायचं

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दहा वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुरा होतो. लिहिताना प्रत्येक विशेषण खोडून बघा आणि त्या जागी तिनं केलेली एक गोष्ट लिहा. "दानशूर" खोडलं तिथं भाजीवालीची कोथिंबीर आली. बाबांनी लिहिलेल्या चार पानांत "खूप सोसलं" सहा वेळा होतं. मी बाबांना विचारलं, काय सोसलं? ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अकरा पानं लिहून आणली, ती वहीतली सगळ्यात चांगली पानं आहेत.

अडचण आली तर जुन्या वर्तमानपत्रांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, १८५० पासूनची संस्था आहे. संस्थानकाळातली नोकरी, इनाम, जमीन यांचे कागद हवे असतील तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात अर्ज करता येतो.

छपाईचा फॉर्म १६ पानांचा असतो, म्हणून पानं १६ च्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही. आमचे नऊ फॉर्म झाले. शेवटची आठ पानं कोरी ठेवा, रेघा आखून. वही वाटली त्या दिवशी दोरीवर तिच्या पाच वाकळा टाकल्या होत्या आणि जेवणात तिच्या प्रमाणाची चटणी होती. माणसं वाकळेतलं आपलं ठिगळ शोधत होती. जेवणं होईपर्यंत त्या कोऱ्या पानांवर चौदा दुरुस्त्या जमा झाल्या.

त्यातली एक बहीणआज्जीची. ती ओवी आत्या चिखलीला होती तेव्हाची नाही, तिच्या स्वतःच्या लग्नानंतरची आहे, वेदगंगेच्या पुराची, आणि "लेक माजी" नाही, "भैन माजी" आहे. आज्जीनं नंतर शब्द बदलून ती आत्यासाठी म्हटली. दोन्ही पाठ आता लिहून ठेवले आहेत. मूळ हस्तलिखित पत्र्याच्या डब्यात आहे आणि डबा खिडकीच्या चौकटीच्या वर ठोकलेल्या फळीवर. २०१९ ची पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसते, फळी तिच्यापेक्षा चार फूट उंच आहे.